सोळा फुटी कान

पन्हळताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधायचं झालं, तर मतदारयादीच उघडावी लागेल. गल्लीतल्या लहानथोरांसाठी त्या पन्हळताई. त्यांचे वडील पत्र्याचं काम करायचे. छपराच्या कडेला लावायच्या पन्हळी, नरसाळी, बादल्या, दुधाची मापं, धुराडी, असं जे जे पत्र्याचं म्हणून असेल ते त्यांच्या दुकानातून बाहेर पडायचं. एका वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला, तो पुन्हा सुटलाच नाही. घरात दोन मुलगे होते, पण एकाला कारकुनी प्रिय आणि दुसऱ्याचं हातोड्याच्या आवाजाने डोकं उठायचं. मग थोरल्या लेकीने महिनाभरासाठी म्हणून हातोडा उचलला. त्या महिन्याला बघता बघता बावीस वर्षं झाली.

मधल्या काळात त्यांचं लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि वडील दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. नवरा शाळेची बस चालवायचा. माणूस मोठा गमत्या. बायकोच्या हातांना पडलेले घट्टे दाखवून तो लोकांना सांगायचा, की आमच्या घरात भांडणं होत नाहीत, कारण मी ते हात रोज जवळून बघतो. पन्हळताई मोजकंच बोलायच्या. त्यांचं सगळं ध्यान पाण्याकडे. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या, तरी आधी मान वर करून छपराचा उतार बघायच्या, मग घरात पाऊल टाकायच्या. पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं, कुठून पळ काढतं, हे त्यांना भिंतीवरच्या एका ओघळावरून कळायचं.

पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि पत्र्याच्या पन्हळी मागे पडल्या. दुकानात दिवस दिवस हातोडा वाजेनासा झाला. नेमक्या त्याच सुमाराला, गावाबाहेर बंद पडलेल्या दगडखाणीच्या टेकडीवर बुद्धाची मूर्ती उभी करायचं ठरलं. बसलेला बुद्ध, आसनापासून मस्तकापर्यंत एकशे दहा फूट. आत लोखंडी सांगाडा, वरून तांब्याचा पत्रा. टेकडीच्या पायथ्याशी भल्यामोठ्या शेड उभ्या राहिल्या, क्रेन आल्या, आणि पत्रा ठोकणारे कारागीर हवेत अशी पाटी लागली.

पन्हळताई गेल्या. शेडच्या तोंडाशी मुकादम बसला होता. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि पॉलिशच्या कामाची रांग पलीकडे आहे म्हणून सांगितलं. आपण ठोकायला आलोय, असं ताई म्हणाल्या. त्याने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा एकदा बघितलं, आणि मग तांब्याचा एक गोल तुकडा त्यांच्याही हातात दिला. परीक्षा सगळ्यांना एकच होती. त्या सपाट तुकड्याचा वाडगा करायचा. लाकडी मोगरी, वाळूची पिशवी आणि कोपऱ्यात भट्टी, एवढंच सामान. तांबं ठोकत गेलं की ताठर होतं. मग ते लाल होईतो तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ पडतं. ज्याला भट्टीपर्यंत जायचा कंटाळा, त्याचा पत्रा तडकतो. त्या दिवशी अकरा जणांपैकी चौघांचे तडकले. ताईंचा वाडगा मुकादमाने बोटांवर गोल फिरवून बघितला, आणि उद्यापासून या म्हणाला. तो वाडगा संध्याकाळी तो गुपचूप घरी घेऊन गेला, हे पुढे त्याच्या बायकोकडून कळलं.

पहिलं वर्ष केसांत गेलं. मूर्तीच्या मस्तकावर शंखासारख्या वळ्या होत्या, एकेक घागरीएवढी, सगळ्यांचा फिरवा उजवीकडे. एकूण सहाशे चाळीस. त्यांतल्या एकशे नव्वद ताईंच्या हातच्या. सुरुवातीला दिवसाकाठी अर्धी व्हायची, मग एक, मग दीड. नवरा म्हणायचा, बरं झालं यांनी टक्कल ठेवलं नाही, नाहीतर तुझी नोकरीच गेली असती.

हे सगळं काम ज्यांच्या हाताखाली चाललं होतं ते मूर्तिकार पंचाहत्तरीचे होते. सगळी शेड त्यांना आजोबा म्हणायची. त्यांच्या खोलीतल्या एका भिंतीवर जगभरातल्या मोठमोठ्या बुद्धमूर्तींचे फोटो लावलेले होते. ताई जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभ्या राहायच्या. एक मूर्ती नदीकाठचा अख्खा कडा कोरून काढलेली, तिच्या पायाच्या नखापाशी माणसं मुंग्यांसारखी दिसायची. एक कुशीवर पहुडलेली, इतकी लांब की फोटो दोन तुकड्यांत चिकटवावा लागला होता. एक काशाची, उघड्या आभाळाखाली बसलेली. तिच्यावरचं मंदिर कधीकाळी वाहून गेलं आणि ती मात्र जागची हलली नाही. आणि एका फोटोत नुसता डोंगर होता, त्यात माणसाच्या आकाराचे दोन उंचच उंच रिकामे कोनाडे. तिथल्या मूर्ती सुरुंग लावून उडवल्या, एवढंच आजोबांनी सांगितलं.

नदीकाठच्या मूर्तीबद्दल मात्र आजोबा भरभरून बोलले. तिच्या केसांच्या वळ्यांमधून, कानांच्या मागून पाणी वाहून जायला वाटा कोरलेल्या आहेत, खालून कुणाला दिसतसुद्धा नाहीत, आणि म्हणूनच ती हजार वर्षांहून जास्त टिकली, असं त्यांनी सांगितलं. ताई त्या फोटोच्या इतक्या जवळ गेल्या की काचेवर श्वासाची वाफ धरली. हजार वर्षांपूर्वी आपल्या धंद्यातलं कुणीतरी त्या कड्यावर चढलं होतं, या विचाराने त्यांना त्या दिवशी डबा गोड लागला.

दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे उजवा कान आला. सोळा फूट उंच कान, बावीस तुकड्यांचा. कान इतका लांब का, असं त्यांनी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, राजपुत्र होता तेव्हा जड दागिने घालायचा, पाळ्या ओघळल्या. दागिने सोडले, पाळ्या तशाच राहिल्या. ताईंना हे पटलं. त्यांच्या स्वतःच्या खांद्याचंही तसंच होतं, रविवारी हातोडा सोडला तरी खांदा काही वर यायचा नाही.

आठ महिने तो कान चालला. कानाची कड आत वळवताना पत्रा सुरकुततो. ती सुरकुती मोडायची नाही, थोपटून थोपटून पत्र्यातच जिरवायची. पाळीचा फुगवटा वाळूच्या पिशवीवर काढला. तुकडे रिव्हेटने जोडले, सांधे वितळलेल्या धातूचा डाख लावून झाकले, आणि शेवटी बोट फिरवलं तरी सांधा कळेना. ज्या दिवशी कान पुरा झाला त्या दिवशी क्रेनने तो अंगणात उभा केला आणि धुण्यासाठी वरून पाण्याचा पाइप सोडला. सगळी शेड बघायला बाहेर आली. उन्हात तो ओला तांबडा कान असा झळकला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. मुकादमाने हार मागवायची भाषा केली.

पाइप बंद झाला. लोक पांगले. पन्हळताई तिथेच उभ्या राहिल्या. कानाच्या मध्यावर जी खोलगट वाटी होती, तिच्यातून पाणी खाली येत नव्हतं. त्यांनी शिडी लावली, वर चढल्या, आणि आत बघितलं. वाटी काठोकाठ भरली होती. पाण्यात आभाळ दिसत होतं. त्यांनी बादलीने ते पाणी उपसलं. अकरा बादल्या निघाल्या.

मुकादम शिडीखाली येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, उलट ताईंचा पाठीराखाच होता. त्याने हळू आवाजात समजावलं, की नकाशा आपण काढलेला नाही, आपण नकाशाप्रमाणे केलं. नव्वद फुटांवर कान बघायला कोण जातंय? डावा कान पलीकडच्या शेडमध्ये अर्ध्यावर आलाय, अनावरणाची तारीख ठरलीय, तेव्हा आता गप्प बसावं हे बरं. ताईंनी ऐकून घेतलं, बादली जागेवर ठेवली आणि घरी निघाल्या.

नवरा मुलांना सोडून रिकामी बस घेऊन परतत होता. त्या चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. सगळं सांगून झालं. नवऱ्याने त्या दिवशी एकही विनोद केला नाही. कान पुन्हा करायला किती दिवस लागतील, एवढंच त्याने विचारलं. ताई म्हणाल्या, सगळा नाही, पण मधला भाग कापावा लागेल. सगळ्यात चांगला भाग तोच झालाय.

दुकानाच्या दारात वडील बसलेले होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ताईंना सगळं पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, आणि अर्ध्या गल्लीनेही ते ऐकलं. वडिलांनी एकच प्रश्न केला.

"किती बादल्या?"

"अकरा."

"मग मला विचारतेस काय?" असं म्हणून ते रस्त्याकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई थेट आजोबांच्या खोलीत गेल्या. तिथे सांगाड्याचे इंजिनिअर बसले होते. हुशार तरुण माणूस, कामाला चोख, पण आपल्या नकाशावर पोटच्या पोरासारखी माया. त्यांनी सगळं ऐकलं आणि वाटीच्या तळाला एक भोक पाडा म्हणाले, काम संपलं. ताईंनी मान हलवली. भोकात पान अडकेल, पक्षी काडी ठेवतील, दोन महिन्यांत ते बुजेल. नाही बुजलं तर पाणी थेंब थेंब मानेवरून येईल आणि तांब्यावर हिरवा ओघळ धरेल. खालून बघणाऱ्याला वाटेल, कान वाहतोय.

इंजिनिअर जरा चिडले. नकाशा तीन ठिकाणी तपासून मंजूर झालाय, असं त्यांनी ऐकवलं. ताईंचा आवाज चढला नाही.

"साहेब, नकाशा तीन जणांनी बघितला असेल. पाण्याने बघितला नव्हता, तो काल बघितला."

आजोबा उठले. काठी टेकत अंगणात गेले, पाइप पुन्हा सोडायला लावला, आणि खुर्ची टाकून कानासमोर बसले. वाटी भरली. पाइप बंद केला. पाव तास ते तसेच बसून राहिले. पाण्याचा एक थेंब खाली आला नाही. मग त्यांनी ताईंना उपाय विचारला.

ताईंनी जमिनीवर खडूने काढून दाखवला. वाटीचा तळ चार बोटं उचलायचा आणि मागच्या बाजूला उतार द्यायचा. कानाची कड जिथे आत वळते तिथे वळणाच्या आडोशाला मुठीएवढं तोंड ठेवायचं, त्याला जाळी. तिथून आतल्या अंगाने तांब्याची पन्हळ, मानेच्या मागून खाली, आणि पाठीवरच्या वस्त्राच्या चुणीखाली बाहेर. समोरून बघणाऱ्याला काही दिसायचं कारण नाही. इंजिनिअर खडूच्या रेघेभोवती एक चक्कर मारून आले, मग दुसरी. तिसऱ्या चक्करीला त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पन्हळीची रुंदी किती धरायची ते ताईंना विचारलं.

आजोबा मात्र अजून कानाकडेच बघत होते. ते म्हणाले, "पोरी, आठ महिन्यांचं काम आहे. कापायला दुसरं कुणी देऊ का?"

"नको. मी केलाय, मीच कापीन. दुसऱ्या कुणाची कातर त्याला लागू देणार नाही."

कापायचं काम दुपारी सुरू झालं. ताईंनी शिडीवर बसून पहिला सांधा उकलला आणि कातर चालवली. तांबं कापताना एक बारीक कर्र आवाज होतो. तो ऐकून एकेकाचा हातोडा थांबत गेला. चाळीस माणसं उभी राहून बघत होती. ताईंनी मागे वळून बघितलं नाही. वाटीचा पत्रा सुटून हातात आला, तेव्हा त्यांनी तो छातीशी धरून खाली आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग नाक पुसलं, भट्टी पेटवायला सांगितलं आणि नवा पत्रा मागितला. मुकादमाने तो स्वतः उचलून आणला. त्या दिवसानंतर गप्प बसण्याचा सल्ला त्याने कुणाला दिला नाही.

सात आठवड्यांत कान नव्याने उभा राहिला. पाइप सोडला. पाणी वाटीत आलं, मागे वळलं आणि दिसेनासं झालं. सगळे धावत कानाच्या मागे गेले, तर तिथे पन्हळीतून सरळ, स्वच्छ धार पडत होती. त्याच मोजमापाने डावा कानही सुधारला. इंजिनिअरांनी नवा नकाशा काढला आणि कोपऱ्यात दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना भरला. त्यांना ताईंचं खरं नाव माहीत नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटला. म्हणून आठ खात्यांचे शिक्के असलेल्या त्या कागदावर आजही सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे: 'पन्हळताईंची दुरुस्ती'. त्याची एक प्रत नवऱ्याने काचेत मढवून दुकानात लावली.

अनावरणाला हजारो माणसं आली. समोर मांडव, भाषणं, पाहुण्यांच्या रांगा. ताईंना पुढच्या रांगेचं आमंत्रण होतं, पण वडिलांची चाकाची खुर्ची त्या गर्दीत शिरेना. म्हणून सगळं कुटुंब मूर्तीच्या पाठीमागच्या चौथऱ्यावर जाऊन बसलं. भाषण रंगात आलं असताना पावसाची सर आली. मांडवात एकच पळापळ झाली. मागच्या बाजूला मात्र कुणी हललं नाही. लेकीने ताईंच्या वडिलांच्या डोक्यावर छत्री धरली. वस्त्राच्या त्या उंच तांबड्या चुणीखालून आधी उजवीकडे, मग डावीकडे, अशा दोन धारा सुटल्या आणि खालच्या दगडी कुंडात पडू लागल्या. वडिलांनी खुर्ची पुढे ढकलायला लावली. छत्री बाजूला सारली, आपला धरलेला हात दुसऱ्या हाताने उचलून धारेखाली धरला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. नवऱ्याने शेजारच्या दोन अनोळखी माणसांना गाठून सांगितलं, की हे पाणी आमच्या हिने सोडलंय. ताईंनी त्याला गप्प बसायला सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांना ते ऐकायचंच होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मूर्तीच्या मानेवर एकही ओघळ नाही. तांबं सगळीकडे सारखं काळवंडत गेलं, आणि खांद्यांवर हिरवी झाक येऊ लागली आहे, जशी यावी तशी. पन्हळताईंच्या दुकानात आता सहा जण काम करतात. लेक शिकून इमारतींच्या पाण्याच्या निचऱ्याचं काम बघते आणि अडलं की आईला फोन करते.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या बुद्धमूर्तीची देखभाल करणाऱ्यांचं पत्र आलं. मूर्ती तांब्याच्या पत्र्याची, दीडशे वर्षांपूर्वीची, आणि आत कुठूनतरी पाणी झिरपत होतं. त्यांच्याकडचे तज्ज्ञ थकले होते. इंजिनिअरांनी ताईंचं नाव सुचवलं होतं. पासपोर्ट काढताना त्यांचं खरं नाव पहिल्यांदाच इतक्या लोकांनी वाचलं आणि नवऱ्याने हे कुणाचं म्हणून विचारून घेतलं.

ताई विमानात बसल्या, तिथे उतरल्या, आणि दुसऱ्या सकाळी त्या मूर्तीच्या पोटातल्या लोखंडी जिन्याने वर चढल्या. सोबत तिथला म्हातारा देखरेख्या आणि दुभाषी मुलगी. मानेपाशी पोचल्यावर ताईंनी विजेरी पत्र्याला घासून तिरकी धरली. पाण्याची जागा त्यांना दहा मिनिटांत सापडली. कानामागचा एक सांधा सुटला होता. पण त्या तिथून हलेनात. तिरप्या उजेडात आतल्या पत्र्यावर हातोड्याचे हजारो ठसे उमटून आले होते, माशाच्या खवल्यांसारखे, एकावर एक. ताईंनी त्यांच्यावर तळवा ठेवला आणि हळूहळू वर नेला.

"हा डावखुरा होता," त्या म्हणाल्या. "सगळे घाव उजवीकडे झुकलेत. आणि शांत माणूस होता. कुठेही घाई नाही."

दुभाषी मुलीने ते देखरेख्याला सांगितलं. तो गोंधळून गेला. त्याने उत्तर दिलं, की इथल्या दप्तरात राजाचं नाव आहे, दानशूरांची नावं आहेत, पण ठोकणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. त्यांच्यात कुणी डावखुरा होता, हेसुद्धा आजवर कुणाला माहीत नव्हतं.

ताई हसल्या. आपली मोगरी त्यांनी पिशवीतून काढली, सुटलेल्या सांध्यापाशी पाय रोवून उभ्या राहिल्या, आणि त्या माणसाचे घाव ज्या अंतराने पडले होते त्याच अंतराने ठोकायला लागल्या.